अंजनाबाईंचा फोटो थांबायचा राहिला

ऋषिराज चहा गार झाल्यावर प्यायचा. खोलीला कुलूप लावायचा, मग परत उघडून एकदा आत बघायचा. खाणावळीत समोरच्या खुर्चीवर हेल्मेट ठेवायचा, म्हणजे तिथं कुणी बसत नसे. सिनेमा संपला, दिवे लागले, झाडणारे आले, तरी पांढऱ्या पडद्याकडे बघत राहायचा. रोज जेवायच्या आधी आईला फोन करायचा. आई गेल्यावरही फोन बाहेर काढायचा, जरा वेळ हातात धरायचा आणि खिशात ठेवायचा.

हे मी बघत होतो. त्यावर विचार केला नाही, कारण तो रोज भेटत होता. मागच्या महिन्यात तो गेला. विटा रस्त्यावर दिवेलागणीला उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती. मागं लाल दिवा नव्हता.

तो मिरजेत एका खोलीत राहायचा. वेबसाइट बनवायचा, जास्त करून लग्नाच्या पत्रिका. मोबाइलवर लिंक उघडली की तोरण येतं, मग नवरीचं नाव हळूहळू उमटतं, मग नवरदेवाचं. तो म्हणायचा, हलताना सगळेच बघतात. हलायच्या आधी काय दिसावं आणि हलून झाल्यावर काय उरावं, ते आपण सांगावं लागतं. नाही सांगितलं तर नाव उमटतं आणि पुन्हा होतं तसं होतं. कोरं.

एकदा तो सांगायला विसरला. मलकापूरहून नवऱ्या मुलाच्या मामांचा फोन आला. मी शेजारीच बसलो होतो.

"आवं, आमचा नवरदेव पळाला की!"

"म्हंजे?"

"आला, दिसला आन् गेला. नवरी एकटीच हुबी हाय. पावणं लय हसाय लागल्यात."

ऋषिराजनं ॲनिमेशन-फिल-मोड अशी ओळ लिहून तिच्यापुढं एक शब्द टाकला. फॉरवर्ड्स. शेवटी जसं दिसलं तसंच राहू दे, एवढाच त्याचा अर्थ. नवरदेव थांबला. बॅकवर्ड्स असाही एक शब्द आहे. नाव उमटायला अजून अवकाश असतो, तेव्हाच ते चमकून जाऊ नये म्हणून तो घालतात. हे मी त्याच्याकडूनच शिकलो. मला त्याचा कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र तो कधी हलवत नसे. पत्रिकेत सगळ्यात वर कुलदैवताचं नाव असतं. गिऱ्हाईक म्हणे, तेही फुलं उधळत आणा. तो सरळ नाही म्हणायचा. "देवाचं नाव येत नसतंय. ते असतंयच."

त्याची आई, अंजनाबाई, गेल्या वर्षी मिरजेतल्याच एका दवाखान्यात वारल्या. तो खाली चहा आणायला गेला होता. वर आला तेव्हा पलंगाभोवती पडदा ओढलेला होता.

वर्षश्राद्धासाठी त्यानं मोबाइलवर उघडणारं आईचं पान केलं. नातेवाइकांना पाठवायचं होतं. धुक्यातून यावा तसा फोटो यायचा, क्षणभर पूर्ण दिसायचा आणि जायचा. दिवाळीत मी त्याच्याबरोबर वडूजजवळ त्याच्या गावी गेलो. तिथं त्यानं ते वडिलांना दाखवलं. ज्ञानू तात्या फौजेतून हवालदार होऊन आलेले. त्यांनी हात लांब करून मोबाइल धरला.

"गेली की रं."

"व्हय."

"बिघाड हाय का?"

"न्हाई तात्या. तसंच ठेवलंय."

"का म्हणून?"

"थांबली कुठं ती?"

तात्यांनी पान परत उघडलं. परत बघितलं. आणि परत.

"लोकांचं नवरदेव थांबवतोस," ते म्हणाले, "आन् माझी बायकू तेवढी घालवतोस व्हय?"

मला हसू आलं. ते दोघं हसले नाहीत.

"तू जातोस मिरजंला," तात्या म्हणाले. "मला ह्या घरात एकट्याला बसायचंय. मला ती थांबलेली पायजे."

ऋषिराज उठून गोठ्याकडे गेला. गोठ्यात जनावर नव्हतं. बराच वेळ तिथंच उभा राहिला.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी त्याच्या खोलीवर गेलो. तो लॅपटॉप पुढ्यात घेऊन बसला होता. "थांबवतो गड्या," म्हणाला. "तात्यांचं बरोबर हाय." तेवढ्यात तात्यांचा फोन आला. उद्याचं सामान वडूजमधून न्यायचं होतं. "येतो. आईचं बी तिथं तुमच्यासमोरच करतो," तो म्हणाला आणि लॅपटॉप मिटला. कुलूप लावलं. परत उघडून आत बघितलं. मी म्हणालो, निघ की लवकर.

त्या संध्याकाळच्या अपघातात पाठीवरच्या सॅकमधला लॅपटॉप शाबूत राहिला. त्याचं दिवसकार्य झाल्यावर तात्यांनी तो माझ्यापुढं ठेवला.

"कुठवर आणलं हुतं त्यानं, बघ."

मी उघडलं. फाइल समोरच होती. मी सांगितलं, तात्या, एकच शब्द राहिलाय, मला येतो.

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"तू नगं. करतो म्हणाला हुता त्यो."

ते मोबाइल घेऊन ओट्यावर जाऊन बसले. मी आत स्क्रीनकडे बघत राहिलो. त्यानं ओळ लिहायला घेतली होती. ॲनिमेशन-फिल-मोड, त्यापुढं अपूर्णविराम, आणि पुढं काही नाही.