दबलेला पियानो
कूलरला नवा वाळा लावला की त्या ओल्या वासाने मला देवळीच्या सासरची ती दुपार आठवते. घरात कूलर एकच होता, म्हणून सासूबाई पलंगावर झोपायच्या आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात मी हेडफोन लावून कीबोर्ड वाजवायची. शाळेच्या उन्हाळी शिबिराचं गाणं मी दोनदा रेकॉर्ड करून पाठवलं होतं आणि दोन्ही वेळा ‘पियानो दबलेला वाटतो’ म्हणून ते परत आलं होतं. ट्रेबल वाढवला तर नुसती किरकिर वाढली. शेवटी ज्याच्याकडून कीबोर्ड घेतला त्या वर्ध्याच्या दुकानदाराला कुजबुजत फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, त्यात खऱ्या पियानोचे हळू मारलेले अन् जोरात मारलेले, दोन्ही आवाज भरले आहेत. तुम्ही हळूच दाबून राह्यल्या, मंग खुला आवाज येईन कुठून?” मी जोरात बोट मारलं. कानात लख्ख सूर उमटला, पण खोलीत कीबोर्डची प्लास्टिकची पट्टी खाडकन आपटली आणि सासूबाई दचकून उठल्या. “काऊन ठोकून राह्यली वो?” “झुरळ होतं,” मी म्हणाले, आणि तिसऱ्यांदाही गाणं हळूच वाजवलं. आता दुपारी घरात मी एकटीच असते, हेडफोनही लावत नाही. बोटं मात्र अजून कोणाची तरी झोप सांभाळतच पडतात.