दगड जागेवर होता

आठवडाभर दगड घडवणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी दगड डोळ्यांसमोरही नको असतो. पण या गवंड्याची तऱ्हाच निराळी. सुट्टी आली की धाकट्या भावाला घेऊन तो डोंगराच्या उतारावर दगड उचलून बघत हिंडायचा. बायको म्हणायची, "लोक साप दिसला की पळतात. आमचे हे त्याच्या घरी जाऊन विचारपूस करतात!"

त्याला हवा होता मातीत राहणारा, करंगळीएवढ्या जाडीचा, शेंदरी पोटाचा साप. बापाने लहानपणी एकदाच दाखवलेला. शोधायची रीतही बापाचीच. दगड उचलायचा, बघायचं आणि होता तसा ठेवायचा. शेवाळाची बाजू वर, कडेची फट ओल्या मातीने लिंपलेली. "दुसऱ्याच्या घराचं छप्पर काढलंस, तर घालूनही तूच द्यायचं," बाप म्हणायचा.

अकरा वर्षांनी सापडला. म्हणजे, मादी सापडली. पोट फुगलेलं; हा साप अंडी घालत नाही, पिलं व्हायची होती. दगड एवढा अवजड, की धाकट्याने पेलून धरला तेव्हा कुठे थोरल्याला वाकता आलं.

"पिलं होईपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही."

"दादा, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

पुढच्या सुट्टीला धाकट्याचं अंग दुखत होतं. गवंडी पहार घेऊन एकटाच गेला. दगड जागेवर होता. शेवाळ वर. फट लिंपलेली, पण माती ताजी, तिच्यावर बोटांचे ठसे. पहारीने दगड कलवला. खाली काही नव्हतं.

परका असता तर दगड उलथा टाकून गेला असता. गवंड्याने दगड होता तसा ठेवला, फट लिंपली.

घरी आला तेव्हा धाकटा ओसरीवर दाढी करत होता. अंग दुखत नव्हतं.

"कुणाला दिलीस?"

"कॉलेजातल्या सरांना." वस्तरा थांबला. "स्पिरिटच्या बरणीत जपून ठेवणार आहेत. चिठ्ठीवर शोधणाऱ्याचं नाव लिहितात म्हणे."

"कुणाचं लिहिलं?"

धाकट्याने आरशातच बघत वस्तरा पुन्हा गालाला लावला. मग म्हणाला, "पण दादा, दगड मी नीट ठेवला हां. अगदी तू शिकवलंस तसा."



कामावर दोघे अजून एकाच भिंतीवर असतात. एक दगड देतो, दुसरा घेतो. सुट्टीला मात्र गवंडी एकटाच उतारावर जातो, आणि एका माणसाला पेलतील तेवढेच दगड उचलतो.