मांडवाचा पास

आबाजींच्या चितेशेजारी उभं राहून मी लाकडाची पावती मागितली.

लोकांनी माझ्याकडे पाहिलं. शोभलं का ते? अजून ठरवता आलेलं नाही.

आज त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

आबाजी, म्हणजे माझे आजोबा, इंग्रजांच्या काळात फॉरेस्ट कॉलेजात शिकले. देवरीकडच्या आमच्या गावात चेष्टा व्हायची, की जंगलातला पोरगा रेल्वेने जंगल शिकायला गेला.

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत लग्न ठरलं. फाल्गुनात.

नवरदेव बाशिंग बांधून मुलीच्या दारी आले, मांडवाकडे पाहिलं, आणि बाहेरच थांबले.

खांब सागाचे होते. राखीव जंगलातले.

"मामाजी, या सागाला जंगलखात्याचा पास आहे काय?"

सासरे शांतपणे म्हणाले, "पास माल नेवाले लागते, जवाई. मांडव कुठी जाऊन रायला?"

वऱ्हाड हसलं. आबाजी नाही. चोरीच्या लाकडाखाली लग्न लावलं तर कॉलेजात कोणत्या तोंडाने जाऊ, म्हणाले. सासरे म्हणाले, मग तसेच बिनलग्नाचे जा.

भटजी मुहूर्त टळतोय म्हणून कासावीस.

शेवटी आबाजींनीच तोड काढली. अंगणापलीकडे मोहाचं मोठं झाड होतं. उभ्या झाडाला पास लागत नाही. तिथे लग्न लावू.

अंतरपाट तिकडे नेला. वऱ्हाडी मात्र मांडवातच बसून राहिले.

कारण फाल्गुनात मोहाला फुलं असतात, पानं नसतात. हे आमच्याकडे शेळीलाही ठाऊक.

भर दुपारच्या उन्हात, अंतरपाटाआडून, आजी आबाजींशी पहिलं वाक्य बोलली:

"कॉलेजात सावली नाही शिकवत काय?"

शेवटच्या वर्षी संशोधनाला विषय निवडायचा होता. बाकीच्यांनी साग घेतला. आबाजींनी मोहाची पानगळ.

प्रोफेसरांनी कारण विचारलं.

"डोमेस्टिक, सर."

सहा वर्षांपूर्वी तिरडी उचलायच्या आधी आजीने मला बाजूला घेतलं. नव्वदीची, डोळे कोरडे.

"लाकडाची पावती पाहून घेजो. नाही त हे उठून बसतीन."

म्हणून मागितली.

पावती होती. मी ती त्यांना मोठ्याने वाचून दाखवली.

आबाजी उठले नाहीत.

मला वाटलं होतं, उठतील.

रामराम, आबाजी.