अण्णांची गॅरंटी, कंपनीची वॉरंटी

दुकानात किस्से कसे साठतात, ते काउंटरमागे बसल्याशिवाय कळत नाही. आमच्या ड्रॉवरमध्ये जुने स्क्रू, रेग्युलेटरचे नॉब, मिक्सरचे कपलर असे पडून असतात. लागतील कधीतरी म्हणून कुणी टाकत नाही. किस्स्यांचंही तसंच. मी माहेरी गेले की बहिणी विचारतात, "चहाचं नंतर बघू, आधी अण्णांचं काय नवीन ते सांग!"

अण्णा म्हणजे माझे सासरे. कापूरहोळला हायवेवरून भोरचा रस्ता फुटतो, तिथून जरा पुढे आमचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, घरघंटी, पाण्याच्या मोटरी. नवरा शिरवळला नोकरीला, त्यामुळे काउंटरवर अण्णा आणि मी, आणि मागे दुरुस्तीच्या टेबलावर भोरचे रज्जाकभाई. रज्जाकभाईंना एक खोड आहे. वस्तू हातात घेतली की पहिल्यांदा मान हलवून "गेलं हे" म्हणायचं. नुसता फ्यूज उडालेला असला तरी "गेलं हे"! मग गिऱ्हाईकाचं तोंड उतरलं की गुपचूप दुरुस्त करून द्यायचं.

मी बी.कॉम. लग्न होऊन आले तेव्हा ह्या दुकानाला शिस्त आपणच लावायची, असा माझा पक्का समज होता. लगेच अण्णांना समोर बसवून समजावलं. वॉरंटी म्हणजे मुदतीच्या आत वस्तू बिघडली तर कंपनी आपल्या अटींप्रमाणे दुरुस्त करून देते. गॅरंटी म्हणजे वस्तू बदलूनच द्यायची. आपल्या मिक्सरला वॉरंटी आहे, गॅरंटी नाही, तेव्हा गिऱ्हाईकाला भलतं सांगत जाऊ नका. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "वॉरंटी म्हणजे कंपनी बघून घेईल. गॅरंटी म्हणजे मी हितं बसलोय."

मी त्या दिवसापुरतं बी.कॉम. गुंडाळून ठेवलं. पण ह्याच गॅरंटी शब्दापायी मिक्सर कंपनीची एजन्सी आमच्या हातून जायची वेळ आली, आणि ती एजन्सी म्हणजे आमचं निम्मं दुकान. ते कसं, ते सांगते.

* * *

विंझरच्या हिराबाईंनी आमच्याकडून हौसेनं मिक्सर नेला आणि दसरा झाल्या झाल्या परत घेऊन आल्या. बटण फिरवलं की नुसती गुरगुर. रज्जाकभाईंनी खालचं झाकण काढलं, "गेलं हे" म्हणाले, आणि त्या वेळी मात्र ते खरंच गेलं होतं! आतून हळद निघाली, कुंकू निघालं, झेंडूच्या पाकळ्या निघाल्या. मोटर ओलीचिंब.

झालं होतं असं, की खंडेनवमीला हिराबाईंच्या घरी विळे, कोयते, कुदळ ह्यांची पूजा मांडतात. ह्या वर्षी त्यांनी त्या रांगेत मिक्सरही ठेवला. तोही राबतोच की घरात. हळदकुंकू वाहिलं, फुलं वाहिली, नारळ फोडला आणि त्याचं पाणी मिक्सरवर मनोभावे सोडलं.

मी वॉरंटी कार्ड मागितलं. ते देवघरात देवांच्या मागे ठेवलंय म्हणाल्या, हात लावायचा नाही. मग मी त्यांना कंपनीची अट समजावून सांगितली, की आत पाणी गेलं तर वॉरंटी लागू होत नाही.

"पाणी कुठं गेलंय?" हिराबाई म्हणाल्या. "तीर्थ हाय ते."

अण्णांनी फळीवरचा नवा मिक्सर काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि कंपनीला फोन लावला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण अण्णा अगदी गंभीरपणे सांगत होते, "न्हाई साहेब, पाणी अजिबात न्हाई. देवाचं हाय सगळं."

* * *

भाटघरकडचे मारुतीतात्या. त्यांचं वावर धरणाच्या कडेला. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटतं, तशी मोटरही त्याच्या मागं मागं खाली न्यायची, आणि पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की ती वर आणायची, अशी तिकडची रीत. तात्या नेमके तेव्हा पाहुण्यांकडे आखाडाच्या जत्रेला गेले. जत्रा चांगली झाली म्हणून मुक्काम वाढवला. परत येऊन बघतात, तर मोटरीच्या जागी धरण!

पोहणारी माणसं लावून मोटर बाहेर काढली आणि टेम्पोत घालून दुकानात आणली. ती काही पाण्यात सोडायची मोटर नव्हे, काठावर ठेवायची. मी तात्यांना म्हटलं, अहो, मोटर बुडाली तर वॉरंटी संपली. तात्यांनी मोटरीकडे बोट केलं.

"आता पाण्याची मोटर पाण्यात बुडाली तर बिघडती व्हय?"

अण्णा हसून हसून काउंटरवर डोकं टेकून बसले. रज्जाकभाईंनी "गेलं हे" म्हणत मोटर उघडली, पुसली, आणि पावसानं उघडीप दिली तशी दारात बाजेवर उन्हाला घातली. आम्ही कुरडया वाळत घालतो तशीच ती रोज बाहेर यायची आणि ऊन कललं की आत जायची. एक दिवस रज्जाकभाईंनी ती जोडली आणि ती सुरू झाली. मला वाटलं, तात्या आता रज्जाकभाईंचे हात धरतील. तात्या मला म्हणाले, "बगा, बिघडलीच नव्हती. न्हायला गेली व्हती जराशी."

* * *

हे वस्तूंपुरतं राहिलं असतं तर बरं. पण अण्णांची गॅरंटी आहे म्हटल्यावर लोक कशाचीही मागायला लागले. म्हशीची, बोअरला पाणी लागेल का ह्याची, एकदा तर नव्या ग्रामसेवकाची!

वेल्ह्याकडचे दत्तोबा मुलीच्या लग्नात द्यायचा पंखा घ्यायला आले. पंखा बांधून झाला तरी निघेनात. शेवटी अण्णांच्या जवळ सरकून हळूच म्हणाले, की मुलगा ह्याच भागातला आहे, तुमच्या चांगल्या माहितीतला आहे, तर त्याची गॅरंटी देता का? लेकीचा प्रश्न होता, माणूस अगदी कासावीस झालेला. अण्णांनीही मस्करीवर नेलं नाही. पंख्याच्या खोक्यावर हात ठेवला.

"दत्तोबा, पंख्याची गॅरंटी देतो," ते म्हणाले. "पोराची वॉरंटी. काय बिघडलं तर हितं घेऊन या, दुरुस्त करून देऊ. बदलून मिळणार न्हाई."

मी मागे वळून हसू दाबलं. मी घोकून घोकून शिकवलेला फरक अण्णांना माझ्यापेक्षा चांगला कळत होता, फक्त कुठं वापरायचा ते त्यांचे तेच ठरवायचे.

लग्न थाटात झालं. आणि वर्षाच्या आत ती मुलगी नवऱ्याला खरंच घेऊन आली! तक्रार अशी, की जेवताना, झोपताना, ती बोलत असताना, सदा मोबाईलमध्ये डोकं. अण्णांनी जावयाला मागे दुरुस्तीच्या टेबलापाशी स्टुलावर बसवलं आणि चहा मागवला. जावई खाली मान घालून बसला. रज्जाकभाईंनी चष्मा कपाळावर चढवला, त्याच्याकडे नीट निरखून बघितलं आणि मान हलवली.

"गेलं हे."

* * *

आता एजन्सीचं. कंपनीचा एक मदतीचा फोन नंबर असतो, खोक्यावर छापलेला. आमच्या गिऱ्हाइकांना त्याचा शोध लागला. लोक फोन करायचे आणि सांगायचे, मिक्सर चालत नाही, नवा पाठवा. तिकडून मुलगी मुदत विचारायची, मिक्सरवरचा नंबर विचारायची. आमचं गिऱ्हाईक म्हणायचं, ते काय ठाऊक नाही, अण्णांनी गॅरंटी दिलीय. ती विचारायची, कोण अण्णा? एका पठ्ठ्यानं तिला सरळ सुनावलं, "अण्णा ठाव न्हाईत? मग कंपनी कशाला चालवता?"

शेवटी पुण्याहून कंपनीच्या साहेबांचा फोन आला. ते नवीनच ह्या भागावर आले होते, आम्ही त्यांना पाहिलंही नव्हतं. बोलले सभ्यपणे, पण स्पष्ट. कंपनी वॉरंटी देते, तुम्ही गॅरंटी सांगता. लवकरच दुकानात येईन, आणि तेव्हा गॅरंटी हा शब्द माझ्या कानावर पडला, तर एजन्सी भोरच्या नव्या शोरूमला जाईल.

त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. एजन्सी त्यांनी ऐन उमेदीत स्वतः मिळवलेली होती. मलाही धास्ती वाटली, पण मी धीर केला आणि अण्णांना पुन्हा समोर बसवलं. साहेब येऊन जाईपर्यंत तो शब्द काढायचाच नाही. गिऱ्हाइकानं विचारलं तर म्हणायचं, कंपनीची वॉरंटी आहे. अण्णांनी औषध गिळावं तसा तो शब्द मनाशी दोन-चारदा म्हणून बघितला.

आणि खरंच पाळलं त्यांनी! पहिली बाई आली, मिक्सर पसंत केला, सवयीनं विचारलं, "गॅरंटी हाय ना, अण्णा?" अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले, "कंपनीची वॉरंटी आहे." बाईंनी मिक्सर हळूच खाली ठेवला. मग माझ्याकडे वाकून विचारलं, "अण्णांस्नी बरं न्हाई का?"

दुसऱ्यानं विचारलं, दुकान विकताय का. तिसऱ्यानं काहीच विचारलं नाही, नुसता अण्णांच्या पाया पडून गेला.

* * *

मी हसले खरी, पण ते फार वेळ टिकलं नाही. गॅरंटी म्हणजे मी हितं बसलोय, हे अण्णांनी आयुष्यभर सगळ्यांना सांगून ठेवलेलं. आता अण्णा गॅरंटी देत नाहीत, म्हणजे अण्णा फार दिवस बसणार नाहीत, असा सरळ हिशोब लोकांनी केला! दत्तोबांनी लेकीच्या लग्नातला अण्णांचा फेट्यातला फोटो स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, 'अण्णा लवकर बरे व्हा'. तो ग्रुपवर गेला. तिथून विंझर, तिथून भाटघर.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर माणसं. मारुतीतात्या केळी घेऊन. दत्तोबा, त्यांची लेक आणि जावई, जावयाचा मोबाईल खिशात. हिराबाई पहिल्या एसटीनं, हातात नारळ. अण्णा सगळ्यांना सांगत होते, की अरे, मला काही झालेलं नाही. पण आजारी माणूस असंच म्हणतो, हे सगळ्यांनाच माहीत होतं. कुणी त्यांना पाणी दिलं, कुणी पंखा त्यांच्याकडे वळवला. रज्जाकभाई नुसते उठून पुढे येऊ लागले तर मी त्यांना डोळ्यांनी दटावलं, की आज ते तुमचं नेहमीचं वाक्य तोंडातून काढू नका.

मला तेव्हा भरून आलं. एवढी माणसं आपापली कामं टाकून आली होती, आणि एकाच्याही हातात बिघडलेली वस्तू नव्हती.

आणि नेमकी तेव्हाच पुण्याची गाडी दारात थांबली.

कडक इस्त्रीचा शर्ट, हातात काळी बॅग, असे साहेब उतरले. गर्दी आपोआप बाजूला झाली. साहेब थेट अण्णांपाशी गेले, अण्णांचा हात हातात घेतला आणि रीतीप्रमाणे विचारलं, तब्येत काय म्हणते? सगळ्यांची नजर साहेबांनी धरलेल्या त्या हातावर.

साहेबांनी हात सोडला तशी हिराबाई पुढे झाल्या.

"डाक्टर, काय ते खरं सांगा."

साहेब म्हणाले, "आजी, मी डॉक्टर..." पण हिराबाईंनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही.

"आमच्या घरात ह्यांच्या शब्दाबिगर एक वस्तू आली न्हाई. ह्यास्नी काय व्हणार न्हाई ना? गॅरंटी देता का तुमी?"

झालं, पडला शब्द कानावर. साहेबही सवयीनं सुरू झाले, की आजी, अशी गॅरंटी कुणालाच देता येत नाही, त्याला काही... आणि अडखळले. हिराबाईंचे डोळे भरले होते. मारुतीतात्यांनी टोपी काढून हातात धरली होती. साहेबांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, मग अण्णांकडे बघितलं, आणि बॅग खाली ठेवली.

"देतो, आजी," ते म्हणाले. "गॅरंटी."

हिराबाईंनी नारळ त्यांच्याच हातात दिला. सगळं दुकान एकदम बोलायला लागलं, हसायला लागलं, कुणी चहा सांगायला पळालं. अण्णा तेवढे खुर्चीत पुढे वाकले, इकडं तिकडं बघितलं आणि साहेबांच्या कानाशी लागले.

"हळू बोला, साहेब. कंपनीला कळलं तर एजन्सी काढून घेतील."