ताप नसलेला मलेरिया

धान निसवत होता तेव्हाची गोष्ट. चिचगडच्या पलीकडे जंगलातल्या एका गावात गरोदर बायांची तपासणी होती आणि मी लॅब टेक्निशियन म्हणून टीमसोबत गेले होते.

सुगंता सासूला घेऊन आली. पहिलटकरीण, सहावा महिना. हिमोग्लोबिन बरंच कमी, चेहरा फिकट, पण ताप अजिबात नाही. नर्सताईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि दोघी उठल्यासुद्धा...

मी म्हटलं, थांबा, मलेरियाची टेस्ट करू.

सासू, मैनाबाई, एकदम उसळल्या. "ताप नाही त कायले टोचून राहिली वं? लहानपनी लय झाला तिले मलेरिया. आता नाही होत आमाले."

गंमत म्हणजे मैनामावशींचं म्हणणं अर्धं खरं होतं. मलेरियाचा जंतू लाल रक्तपेशीत शिरतो आणि पेशीच्या वर स्वतःचे रेणू उभे करतो. वारंवार मलेरिया झाला की शरीर ते रेणू ओळखायला लागतं, मग पुढे तितका ताप येत नाही.

पण पोटात बाळाला पोसणारी वार तयार झाली की जंतू एक वेगळाच रेणू वर काढतो. तो थेट वारेला चिकटतो आणि बाळाचं पोषण अडवतो. पहिलटकरणीच्या शरीराने तो कधी पाहिलेलाच नसतो... ताप नसतानाही आत नुकसान चालू राहू शकतं.

मी याच भागातली, मुर्रीची, त्यामुळे बोलीची अडचण नव्हती. "मावशी, जंतू तोच, पन वरतं काढते ते नवीन. सुगंताच्या अंगाले ते ओळखूच येत नाही. ताप नसला तरी पोटातल्या लेकराले धोका असते."

मैनाबाई खाली बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "माहं पयलं लेकरू असंच गेलं. सातव्यात. मले बी ताप नव्हता... लोकं म्हनत, तूच काही केलं असशीन."

तो मलेरियाच होता असं मी सांगू शकत नव्हते, आणि सांगितलंही नाही. एवढंच म्हटलं, "मावशी, तुमची चूक नव्हती." त्यांनी डोळे पुसले, सुनेचा हात धरला आणि तिचं बोट माझ्यापुढे केलं. "टोच, बाई."

पंधरा मिनिटांनी पट्टीवर दुसरी रेघ उमटली. पॉझिटिव्ह! डॉक्टरांनी त्याच दिवशी औषध सुरू केलं. गोळ्यांचा प्रत्येक डोस मावशींनी समोर बसवून दिला.

पुढच्या वेळी गेलो तर मैनाबाई आमच्याआधी हजर... सोबत गावातल्या चार गरोदर बाया. "यायले बी ताप नाही. तरी पाहून घे." त्यातली एक पॉझिटिव्ह निघाली. तिलाही वेळेत औषध मिळालं.

त्या चौघींना मावशींनी कसं तयार केलं, हे मला कालच कळलं. सुगंता लेकीला लस द्यायला आली होती. छान गुटगुटीत आहे पोरगी. सुगंतानेच सांगितलं... सासूबाई चारही घरी गेल्या आणि प्रत्येकीजवळ बसून आपल्या गेलेल्या लेकराबद्दल बोलल्या. इतकी वर्षं स्वतःच्या घरातही ज्याचं नाव काढलं नव्हतं, त्याच्याबद्दल.

टेस्ट मी केली, पण त्या बायांना आणलं मैनामावशींनी. मावशी, मनापासून आभार.