मामीच्या वस्तूंची नावं

"छत्रीचं टोक मोडलं" असं कुणी म्हटलेलं आमच्या मामाला खपत नसे. "टोक काय टोक? फेरुल म्हणतात त्याला," असं म्हणून तो समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचा. समोरचा बिचारा छत्री दुरुस्त करून घ्यायला निघालेला. त्याला या ज्ञानाचं काय करावं ते कळत नसे.

मामा एका मालवाहतूक कंपनीत कारकून होता. गोदामात मोडून-फुटून आलेल्या मालाचे अहवाल इंग्रजीत टाइप करायचे, हे त्याचं काम. नोकरीला नवीन असताना छत्र्यांचं एक खोकं चेपून आलं. टोकावरच्या टोपणाला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने 'छत्रीच्या शेवटी असणारी लोखंडी वस्तू' असं काहीतरी इंग्रजीत लिहून दिलं. वरच्या साहेबाने तो कागद सगळ्या ऑफिससमोर मोठ्याने वाचला. लोक पोट धरून हसले. मामा घरी येऊन जेवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी रद्दीच्या दुकानातून एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश उचलून घेऊन आला.

तेव्हापासून त्याला नामांचं वेड लागलं. नुसती नामं, आणि तीही कुणाच्या बापाने ऐकली नसतील अशी. "येणं-जाणं, देणं-घेणं सगळ्यांनाच येतं गं," तो मला समजावायचा. "माणूस अडतो तो नावापाशी." शब्द पाठ करायची त्याची रीत अशी, की चिठ्ठीवर शब्द लिहायचा आणि ती थेट त्या वस्तूवर चिकटवायची. कुलपाच्या भोकाभोवतीच्या पितळी पट्टीवर 'एस्कचन'. खिडकीच्या काचांमधल्या लाकडी काड्यांवर 'मंटिन'. मामी केर काढायची, फडकं मारायची, ते चिठ्ठ्यांना धक्का न लावता. एखादी सुटली तर शिजलेल्या भाताचं शीत लावून पुन्हा डकवायची. तिच्या जागी मी असते तर सगळ्या चुलीत घातल्या असत्या.

त्याला इंग्रजी बोलता यायला लागलं असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाका. इंग्रजीत त्याला चहा मागता आला नसता. पण बुटाच्या नाडीच्या टोकाला काय म्हणतात ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. बढती त्याला मिळाली नाही. गोदामातले हमाल मात्र त्याला आदराने 'डिक्शनरी' म्हणायचे, आणि त्यावर तो खूश होता.

शिकायला म्हणून मी त्यांच्याकडे राहिले. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझे लाडही झाले आणि कामंही पडली. संध्याकाळी मामा शब्दकोश घेऊन बाहेरच्या खोलीत बसायचा आणि आतून मामीचं बोलणं चालू असायचं. मामीचं बोलणं म्हणजे गंमत होती. तिने घरातल्या प्रत्येक वस्तूला आपलं एक नाव दिलं होतं. दांडा ढिला झालेलं पातेलं म्हणजे 'लंगडी'. बसलं की मांडीला चिमटा काढणारी स्वयंपाकघरातली खुर्ची म्हणजे 'सासूबाई'. झाकण न निघणारा डबा 'हट्टी'. "हट्टीतली डाळ काढ आणि लंगडीत भिजत घाल," असं ती मला सांगायची आणि मला बरोबर कळायचं. मामाला हे हुकूम कधी सुटलेच नव्हते. त्याला आयतं ताट समोर यायचं. "अहो, ऐकताय ना?" असं ती आतून विचारायची, आणि तो पान उलटत "हं" म्हणायचा. त्या 'हं'चा मला तेव्हाही राग यायचा. आजही येतो.

एकदा त्याने तिचा हात हातात घेतला. ती लाजली. माझ्यासमोर असं काही त्यांच्यात कधी होत नसे. तो म्हणाला, "हे नखाच्या बुडाशी पांढरं अर्धचंद्रासारखं असतं ना, ल्युन्युला म्हणतात याला." मामी "हो का?" म्हणाली. पीठ मळता मळता मग ती बराच वेळ स्वतःच्या नखांकडे बघत होती.

मामा निवृत्त झाला आणि थोड्याच दिवसांत मामीला मेंदूचा झटका आला. जीव वाचला. हात-पाय हळूहळू चालू लागले, चेहरा सरळ झाला. पण वस्तूंची नावं तिच्या तोंडातून गेली ती गेलीच. बाकीचं बोलणं होतं. "दे", "ठेव", "बसा ना", "जेवलात का?" हे सगळं जागच्या जागी. फक्त नावापाशी आली की थांबायची, हात हवेत फिरवायची, "ते... ते हो..." म्हणायची आणि रडू लागायची.

दवाखान्यात बोलायला शिकवणारी एक तरुण डॉक्टरीणबाई होती. पोरगी मोठी समजूतदार. ती मामाला म्हणाली, "काका, त्यांना पुस्तकातले शब्द नकोत. घरात त्या रोज ज्या वस्तूला जे म्हणायच्या तेच मला सांगा. पहिलं अक्षर आपण म्हणायचं, पुढचं त्यांना सुचू शकतं. घरातले, सवयीचे शब्द लवकर परत येतात."

मामाने खिशातून पेन काढलं आणि तसंच हातात धरलं.

"भाजी कशात करायच्या? त्याला काय म्हणायच्या?"

"कढई असेल," मामा म्हणाला.

"असेल नको काका. त्या काय म्हणायच्या?"

त्याच संध्याकाळी त्याचा मला फोन आला. मी तोवर लग्न होऊन दुसऱ्या गावी गेले होते. "अगं, तू होतीस ना आमच्याकडे. तिचे शब्द सांग मला. सगळे सांग." मी लंगडी सांगितलं, सासूबाई सांगितलं, हट्टी सांगितलं. पुढे आठवेना. शेगडीशेजारच्या त्या फडक्याला ती काहीतरी म्हणायची, फळीवरच्या उंच बरणीला काहीतरी म्हणायची. मामा म्हणाला, "आठव ना गं." त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग म्हणाला, "ती रोज बोलत होती गं. मी तिथेच बसलेलो होतो."

मी रजा टाकून गेले. तीन शब्दांपैकी 'सासूबाई' तेवढा परत आला. 'सा' म्हटल्यावर मामीने पुढचं म्हटलं आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. दवाखान्यातही मी बरोबर गेले. त्या बाईने टेबलावर चमचा, कंगवा, चावी, काटा असं मांडलं आणि काट्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" मामीने काटा उचलला, त्याच्या एका दातावरून बोट फिरवलं, मामाकडे बघितलं आणि स्पष्ट म्हणाली, "टाइन."

बाईने मान हलवली. "नाही जमलं. पुन्हा बघू."

"बरोबर आहे ते," मामा म्हणाला. "काट्याच्या दाताला टाइनच म्हणतात." एवढं बोलला आणि रुमाल तोंडाला लावून बाहेर गेला. मी मागोमाग गेले. तो भिंतीला टेकून म्हणाला, "माझं सगळं ऐकत होती ती. चपात्या लाटता लाटता ऐकत होती." मला त्याच्यावर ओरडायचं होतं. किती वर्षांचं साठलं होतं! पण नुसता त्याचा हात धरून उभी राहिले.

निघायच्या दिवशी सकाळी मी पिशवी भरत होते, तेव्हा स्वयंपाकघरातून मामीचा आवाज आला. "अहो, ते द्या ना." मामा धावत गेला. ती ओट्यापाशी उभी होती, वरच्या फळीकडे हात करून. मामाने बरणी काढून दिली. ती नको. डबा दिला, तो नको. खलबत्ता, चाळणी, जुना किटलीचा सांगाडा, हाताला लागेल ते तो काढत गेला आणि तिच्यापुढे ठेवत गेला. स्टुलावर चढून त्याने अख्खी फळी रिकामी केली. "हे का? मग हे? अगं पहिलं अक्षर तरी सांग." मामी प्रत्येक वस्तू नीट बघायची आणि मान हलवायची. मी दारात उभी होते. मलाही सांगता येत नव्हतं.

ओट्यावर जागा उरली नाही तेव्हा मामा स्टुलावरून उतरला. घामाघूम झाला होता. तिने पदराने त्याचं कपाळ पुसलं. एखादं मूल हट्टाला पेटलं की आपण त्याची समजूत घालतो ना, तशी ती त्याच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "राहू द्या."

मग तिने एकेक वस्तू उचलून त्याच्या हातात द्यायला सुरुवात केली, आणि तो ती फळीवर परत ठेवत गेला. तिला काय हवं होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. मामा सांगतो, त्यानंतर तिने काही मागितलेलं नाही.