कुणालाच न दिलेला तास

फोन आला तेव्हा मी बारामतीच्या मंडईत मेथीच्या जुड्या निवडत होतो. फोन तात्यांचा होता. तात्या म्हणजे इंदापूर तालुक्यात कळंबजवळच्या ज्या वस्तीवरच्या प्राथमिक शाळेत मी काही वर्षं शिकवलं, तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीचे त्या वेळचे अध्यक्ष. म्हणाले, "सर, आपल्या सुनंदाबाई गेल्या. पहाटं, झोपंतच." मी "बरं" म्हणालो. या बातमीला "बरं" म्हणू नये हे मला कळतं, पण तोंडातून तेच गेलं. धक्का वगैरे बसला नाही. आमच्या वयाच्या माणसांना अशा फोनची सवय होत जाते. घरी आलो तर बायको म्हणाली, "एवढी पिवळी मेथी कशाला उचललीत?" तेव्हा लक्षात आलं, की फोन ठेवल्यावर मी निवडणं थांबवलं होतं आणि हाताला लागेल ते पिशवीत टाकलं होतं.

सुनंदाबाई आमच्या मुख्याध्यापिका. मूळच्या कन्हेरीकडच्या. घरात पूर्वी मेंढरं होती, पुढं वडिलांनी कळप विकला आणि घर शेतीला लागलं. बाई बुटक्या, अंगानं भरलेल्या, आणि गुडघे कायमचे धरलेले. व्हरांड्याच्या पायऱ्या चढताना खांबाला धरून "आई गं" म्हणायच्या आणि मग इकडंतिकडं बघायच्या, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. अशी बाई रोजचा खेळाचा तास सुरू करायचं म्हणते तेव्हा हसू येणारच. मला आलं, आणि मी ते लपवलंही नाही. वेळापत्रकात खेळाचा तास आधीपासून होताच म्हणा. पण तो कधी गणिताच्या सरावाला जायचा, कधी तपासणीला साहेब येणार म्हणून वर्गांची साफसफाई करण्यात, कधी स्नेहसंमेलनाचा नाच बसवण्यात. उरला तर ज्यांचे पाढे पाठ नसत त्यांना वर्गातच बसवून ठेवायचं. सगळ्या शाळांत हेच चालायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

बाईंनी समितीची बैठक बोलावली आणि आपलं म्हणणं मांडलं. रोज परिपाठ झाला की पहिला तास मैदानावर. तो परीक्षेसाठी, साहेबांसाठी, कुणाच्या भाषणासाठी घ्यायचा नाही. शिक्षा म्हणून कुणाला आत ठेवायचं नाही. शिक्षकांनीही बाहेर यायचं. आणि दुचाकीवर मुलं सोडायला येणाऱ्यांनी कॅनॉलच्या पुलाशीच थांबायचं, तिथून मुलं चालत येतील. ऐकून तात्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि परत घातली.

"बाई, शेतकऱ्याच्या पोरास्नी व्यायाम कसला शिकवायचा? आमी काय शहरात ऱ्हातो व्हय?"

"तात्या, तुमची नात शाळंला कशावर येती?"

"माज्या गाडीवर."

"आन् घरी गेल्यावर काय करती?"

तात्यांनी परत टोपीला हात घातला. मागून कुणीतरी "मोबाइल" म्हणालं आणि सगळे हसले. तात्या जरा चिडले. म्हणाले, "सुट्टीला रानात येती की कामाला."

"काम येगळं, तात्या," बाई म्हणाल्या. "मी ल्हानपणी मेंढरामागं लई चालले. ह्या गुडघ्यास्नी इचारा. पर खेळले कदीच न्हाय."

हे सांगताना त्यांचा आवाज कापला, डोळे भरले, असलं काही झालं नाही. शाळेच्या टाकीला गळती लागलीय, हे ज्या आवाजात सांगायच्या त्याच आवाजात सांगितलं. ठराव झाला. मी दुसऱ्या दिवशी वह्यांचा गठ्ठा काखेत मारून मैदानावर गेलो, म्हटलं झाडाखाली बसून तपासून तरी होतील. बाई लांबूनच ओरडल्या, "वह्या आत ठिवून या, सर!" पोरांसमोर. पुढचे बरेच दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होतो.

तात्यांचं मात्र उलट झालं. त्यांना एकदा एखादी गोष्ट पटली की ते थांबत नाहीत. नात संध्याकाळी जेवायला मागते, पडल्या पडल्या झोपते, असं सुनेकडून कळलं आणि तात्या मैदानाच्या मागं लागले. मैदान खडबडीत, ठिकठिकाणी दगड वर आलेले. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी कुणालाही न विचारता आपला ट्रॅक्टर आणला आणि अख्ख्या मैदानावर रोटाव्हेटर फिरवला. एकदा उभा, एकदा आडवा. त्याच आठवड्यात कॅनॉलला शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलं होतं, तेव्हा माती बसावी म्हणून चारीतून ते पाणीही मैदानात सोडलं. मैदानाला मुरूम टाकून दाबून घ्यावं लागतं, हे त्यांच्या डोक्यात येण्याचं काही कारण नव्हतं. जन्मभर त्यांनी जी जी जमीन सुधारली ती आधी भुसभुशीत करूनच सुधारली होती. सुट्टीनंतर आम्ही शाळेत आलो तर समोर ऊस लावायला तयार असलेलं रान. तात्या फाटकाशी उभे, चेहऱ्यावर नुसतं कौतुक. "बगा बाई, आता पोरगं पडलं तर गादीवर पडल्यागत पडंल."

बाईंनी एक पाय त्या मातीत टाकला. चप्पल तिथंच राहिली आणि पाय वर आला. मला वाटलं आता तात्यांचं काही खरं नाही. पण त्या माणसाच्या तोंडाकडं बघून बाई एवढंच म्हणाल्या, "लई मेहनत घेतली, तात्या."

मग ज्याची भीती होती ते सुरू झालं. शिष्यवृत्तीची परीक्षा काही महिन्यांवर होती. भवानीनगरच्या बाजूला एक इंग्रजी शाळा निघाली होती आणि तिची पिवळी गाडी आमच्या वस्तीपर्यंत यायला लागली होती. पालक शाळेत आले. म्हणणं सरळ होतं… मैदान तर आता राहिलं नाही, तेव्हा तो तास शिष्यवृत्तीच्या सरावाला द्या, नाहीतर आम्ही पोरांचे दाखले काढून त्या गाडीत बसवतो. ही नुसती धमकी नव्हती. मुलांचा पट आणखी घसरला की एक शिक्षक कमी होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो शिक्षक मी असणार हेही ठाऊक होतं, कारण सगळ्या शिक्षकांत मीच नवा. शिष्यवृत्तीचा वर्गही माझाच. मी बाईंना ऑफिसात सांगितलं, की मैदान वाळेपर्यंत तेवढा तास द्या, नंतर परत घेऊ. त्यात मला काही चुकीचं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

"परत कोण दील, सर?" त्या म्हणाल्या. "बांध कोरल्यागत हुतंय. शेजाऱ्यानं एकदा नांगराचं तास आत घातलं की तुमी जलमभर मोजणी करत बसा."

"आणि शाळाच राहिली नाही तर?"

बाई गुडघे चोळत बसल्या. त्या दिवशी बाई मला पहिल्यांदा घाबरलेल्या दिसल्या.

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाला आणि त्यांनी मुलांना चपला काढायला लावल्या. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगा करायच्या आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय आपटत जायचं. मातीचं घर बांधताना पूर्वी जमीन चोपायचे ना, तसं. मुलांना दुसरं काय हवं! पहिल्या दिवशी निम्मी मुलं घोट्यापर्यंत रुतली आणि उरलेली त्यांना ओढण्यात पडली. लेझीम त्या चिखलात झाली, फुगड्या झाल्या, शिवाशिवी झाली. बाई पदर खोचून मधोमध उभ्या, कुठली जागा मऊ राहिली ते दाखवत होत्या. "त्या कोपऱ्यात कुणी न्हाय गेलं, चला त्या कोपऱ्यात!" मीही पँट दुमडून उतरलो होतो. न उतरून करतो काय!

गणवेश धुऊन धुऊन वैतागलेल्या आया तिसऱ्या-चौथ्या दिवशी भांडायला आल्या. पुढं तात्यांची सून. तिचा आवाज फाटकापासून येत होता. आत आली, बाईंना काही बोलणार, तेवढ्यात तिची मुलगी रांगेतून ओरडली, "आयं, हितं ये, हितं अजून मऊ हाय!" ती पोरगी वर्गात नाव विचारलं तरी खाली बघायची. सुनेनं मुलीकडं बघितलं. मग चपला काढल्या. ते बघून आणखी दोघी उतरल्या. तात्या तेवढे फाटकाबाहेर उभे होते. बाईंनी हाक मारली, "या की तात्या, नांगरलं तुमीच!" तेव्हा तेही आले, धोतर वर धरून, आणि बायकांपासून जरा लांब एकटेच पाय आपटत राहिले.

मैदान बसलं. दाबून केलेल्या मैदानासारखं सपाट नव्हे, पण पळता येण्याजोगं झालं. आणि तरीही काही दाखले निघाले, हे सांगायला हवं. कारण अशा लेखात सगळं गोड करून सांगायची पद्धत आहे. पिवळ्या गाडीत काही मुलं बसलीच. पट घसरला, आणि पुढच्या जूनमध्ये माझी बदली बारामती तालुक्यात झाली. त्या शाळेत मला आणखी राहायचं होतं. गणितात चांगली पोरं हाताशी आली होती. बाईंनी तास दिला असता तर मी तिथंच राहिलो असतो, हा माझा हिशेब आहे आणि तो मी त्यांना तोंडावर सांगितला होता. त्या म्हणाल्या, "व्हय सर, तुमचं वाटुळं केलं म्या." त्यांनी माफी मागितली नाही. वर घरून आणलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा हातात दिला. रागावलेला माणूस लाडू खाऊ शकत नाही असं काही नसतं. मी सगळे खाल्ले.

वस्तीवरच्या शाळेत त्यांच्यासाठी शोकसभा झाली तिला आता काही आठवडे झाले. मी सकाळच्या एसटीने गेलो. व्हरांड्यात टेबलावर हार घातलेला फोटो. फोटोत बाई हसत नव्हत्या, ओळखपत्राचा असावा. आता तिथं एक तरुण मुख्याध्यापक आहे, मुलगा चांगला आहे, त्यानं मुलांना फोटोसमोर ओळीत बसवलं होतं. परिपाठ झाला. तात्या आता काठी घेऊन चालतात, ते खुर्चीवर बसले होते. कुणीतरी पहिलं भाषण सुरू केलं. मुलं मैदानाकडं बघत होती, मुख्याध्यापक मुलांकडं बघत होता. मला वाटतं त्याला नियम माहीत होता, पण अशा दिवशी तो कसा पाळायचा हे त्याला कळत नव्हतं. शेवटी तात्याच काठी टेकत उठले आणि माइक हातात घेतला.

"पयला तास सुरू झालाय," ते म्हणाले. "बाईंनी ह्यो तास साहेबास्नी दिला न्हाय, आमास्नी दिला न्हाय. त्यांच्या सोताच्या नावानं तरी कशाला मोडायचा? उठा रं पोरांनो. पळा."

मुलांनी मुख्याध्यापकाकडं पाहिलं. त्यानं मान हलवली. मग जो गलका उठला तो उठला. पुढची भाषणं कुणाला ऐकू आली नाहीत. माझंही त्यात होतं. घरून ठरवून आणलेलं एक वाक्य मी बोललो, की या बाईंपायी माझी शाळा गेली, पण तेही पुढच्या रांगेपलीकडं पोचलं नसावं. मग श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटं उभं राहायचं ठरलं. आम्ही उभे राहिलो, माना खाली घातल्या. मैदानावर कुणीतरी "आउट, आउट" म्हणून भांडत होतं, लहान मुली किंचाळत होत्या. मी सारा जन्म शिक्षक. असा गोंधळ कानावर आला की "ए, गप्प बसा" हे आपोआप तोंडात येतं. तेव्हाही आलं. ओठांपर्यंत आलं आणि एकदम वाटलं, की आता बाई लांबून मला ओरडणार, पोरांसमोर.

कुणी ओरडलं नाही. तेव्हा मला बाई गेल्याचं कळलं, आणि रडू आलं. तात्यांनी माइक बंद केला. दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती, पण खाली बसायला कुणी सांगितलं नाही, आणि मैदानावरचा आवाज कमी करायलाही कुणी सांगितलं नाही.